शुश्रूषा हे श्रम नव्हेत काय?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज घेऊन महाडच्या किंवा पोलादपूरच्या तहसील कचेरीत गेलेल्या स्त्रीला शासनाने आखून दिलेल्या एखाद्या रकान्यात बसावे लागते. नवरा मरण पावला असेल तर तिच्यासाठी रकाना आहे. त्याने टाकले असेल, घटस्फोट झाला असेल, एवढेच नव्हे तर तो तुरुंगात शिक्षा भोगत असेल, तरीही रकाना आहे. हे सारे न्याय्यच आहे. परंतु नवरा जिवंत आहे, घरातच आहे, कुशीवर वळण्यासही त्याला बायकोचा हात लागतो, अशा स्त्रीसाठी १९८० साली सुरू झालेल्या या योजनेत आजही रकाना नाही. शासनाच्या लेखी ती निराधार नाही. कारण तिला नवरा आहे! आधार कोण कोणाला देत आहे, हा प्रश्न कचेरीला पडतच नाही.

यावर ठरलेले उत्तर असे, की अपंग नवऱ्याला अनुदान मिळतेच. मिळते, हे खरे. २०२५ मध्ये ते दरमहा दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय झाला, त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण ती रक्कम त्याच्या अपंगत्वापोटी आहे. त्याच्यापायी बुडणाऱ्या तिच्या मजुरीची त्यात दमडीही नाही. शिवाय अपंगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पन्नास हजारांची, म्हणजे सबंध घरामागे दिवसाला सुमारे १३७ रुपयांची. शेजारणीला घरी बसवून बाई वर्षभर मजुरीला गेलीच, तर नवऱ्याचे अनुदान धोक्यात! 'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार मिळत असतील, तर ते स्त्री म्हणून, श्रमाबद्दल नव्हे. आणि पक्षाघात झालेल्या बायकोची शुश्रूषा करणाऱ्या नवऱ्याला तेही नाहीत.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या या दोन तालुक्यांत हा अन्याय अधिक बोचतो. पावसाचे भातपीक आणि मुंबईची कमाई यांवर येथील कितीतरी घरे उभी आहेत. मुंबईत जायबंदी झालेला गडी अखेर गावी परततो, आणि शहराने झटकून टाकलेली जबाबदारी डोंगरातल्या वाडीवरच्या बाईच्या अंगावर पडते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाची वाट धरावी लागली, तर ती शंभर किलोमीटरांहून अधिक. अंथरुणावरचा माणूस एकटा जात नाही. त्या दिवसाचा खाडा तिचाच.

ही भीक नव्हे, कायद्याने मान्य केलेला हक्क आहे. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. वेतन घेऊन वा न घेता शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयासही तो 'काळजीवाहक' म्हणतो. आणि अधिक आधाराची गरज असलेल्या अपंगांसाठी काळजीवाहक भत्त्याची योजना करावी, असे त्याचे कलम २४ सांगते. त्याच कलमात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाटही आहे. केरळने मात्र २०१० मध्येच, हा कायदा होण्यापूर्वी, 'आश्वासकिरणम्' योजना काढून काळजीवाहकास दरमहा साहाय्य देण्याचे ठरविले. रक्कम तुटपुंजी खरी, पण तत्त्व मान्य झाले. महाराष्ट्राने अपंगांना 'दिव्यांग' म्हणावयास वेळ लावला नाही. निराधार योजनेत काळजीवाहकाचा रकाना घालावयास मात्र त्याला सवड नाही.

तत्त्व केंद्र शासनालाही नवे नाही. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे गावाने पिढ्यान्‌पिढ्या सैनिक दिले. सेवेत शंभर टक्के अपंगत्व आलेल्या आणि सतत सोबतीची गरज असलेल्या सैनिकाला त्यासाठी निवृत्तिवेतनावर वेगळा भत्ता मिळतो. १ जुलै २०१७ पासून तो दरमहा ६,७५० रुपये ठरला. तो योग्यच आहे. मग इमारतीच्या परांचीवरून पडलेल्या मजुराला सोबत लागत नाही काय? राहिला पैशाचा प्रश्न. याच राज्याने १९७५ साली व्यवसाय कर बसवून रोजगार हमीसाठी पैसा उभा केला आणि १९७७ मध्ये कामाच्या हक्काचा कायदा केला. इच्छा होती, म्हणून क्षमता आली.

एक इशारा मात्र ध्यानी ठेवावा. ब्रिटनमध्ये १९७६ साली असा भत्ता सुरू झाला, तेव्हा विवाहित स्त्रिया त्यातून वगळल्या गेल्या. त्या घरीच असतात, असा युक्तिवाद होता. तो अपवाद मोडावयास १९८६ साल उजाडावे लागले. म्हणून आपल्या मागणीत 'पती अथवा पत्नी' हे शब्द पहिल्या दिवसापासून स्पष्ट असले पाहिजेत. भत्ता अपंगाच्या अनुदानाखेरीज मिळावा; तो काळजीवाहकाच्या नावे जमा व्हावा; उत्पन्नाच्या मर्यादेत धरला जाऊ नये; आणि अंथरुणास खिळलेल्यांची तपासणी गावात येऊन व्हावी.

कार्यकर्त्यांनी वाडीवार याद्या कराव्यात, ग्रामसभांत ठराव मांडावेत, ग्रामपंचायतीने अपंगांसाठी राखावयाचा पाच टक्के निधी कोठे खर्च होतो याचा जाब विचारावा. महाडकरांना कागदावरच्या हक्काची किंमत सांगावयास नको. मुंबई कायदेमंडळाचा ठराव १९२३ चा, नगरपालिकेचा १९२४ चा. पण चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, माणसे चालत तळ्यावर गेली तेव्हा. कलम २४ आज त्याच कागदी अवस्थेत आहे. तहसील कचेरीपर्यंत चालत जाणे आपल्या हाती आहे.