फुकट ते पौष्टिक? जरा थांबा!

'सिग्नल'ने पैसे मागायला सुरुवात केली म्हणून परवा चहाच्या टपरीवर एकजण भडकला. "ना-नफा संस्था म्हणे! शेवटी दुकानच मांडलं ना?"

मित्रांनो, आधी नीट बघा. मेसेज, कॉल, ग्रुप आजही फुकट आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली ती बॅकअपची सोय. तिथेही १०० एमबीपर्यंतचे मेसेज आणि शेवटच्या ४५ दिवसांचे फोटो-व्हिडिओ फुकट. त्याहून जुने फोटो-व्हिडिओही जपायचे असतील, तर १०० जीबी जागेला महिना १.९९ डॉलर. ज्याला हवं त्याने घ्यावं.

२०१८ साली व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी ५ कोटी डॉलर घातले आणि सिग्नल फाउंडेशन उभं राहिलं. पण २०२३ मध्ये संस्थेनेच सांगितलं, की २०२५ पर्यंत खर्च दरवर्षी ५ कोटी डॉलरच्या घरात जाईल. नोंदणीचे ओटीपी पाठवायलाच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर! जाहिरात घेत नाहीत, आपला डेटा विकत नाहीत. देणग्या येतात, पण देणगी म्हणजे पाऊस. आला तर आला.

दुसरा रस्ता 'फायरफॉक्स'चा. तो बनवणारी मोझिलाही ना-नफा संस्थेच्याच मालकीची. पण तिचं बहुतांश उत्पन्न येतं गुगलकडून, म्हणजे जिच्या क्रोमशी स्पर्धा करायची त्याच कंपनीकडून! म्हणून तर त्यांनीही व्हीपीएनसारख्या वर्गणीच्या सेवा काढल्या.

हे दुखणं मला चांगलं माहीत आहे. गावातला पेपर नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवर चालतो, तेव्हा त्या नेत्याची बातमी कुठल्या पानावर जाते, जातेच का, हे मी वीस वर्षं बघतोय. वर्गणीदार नसलेल्या पेपराला मालक एकच, जाहिरातदार.

माझ्याशी सिग्नलवर बोलणारी माणसं आहेत. त्यांचं नाव फुटलं तर नोकरी जाईल. त्यांची गुप्तता कुणा एका धनिकाच्या मर्जीवर का टांगून ठेवायची?

हो, माझीही अट आहे. मूळ सुरक्षितता कधीही पैशाच्या कुलपात जाता कामा नये, आणि हिशेब उघडा हवा. गरिबाचा मेसेज श्रीमंताच्या मेसेजइतकाच सुरक्षित राहिला पाहिजे. ही रेघ ओलांडली, तर पहिली शिवी मीच घालीन.

तोवर गणपतीची वर्गणी देतो, तशी ही पण द्या. मंडप आपलाच आहे.