राहून पाहिलेलं घर

२ मार्च हा लॉरी बेकर यांचा जन्मदिवस. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले हे वास्तुविशारद १९४५मध्ये कुष्ठरुग्णांच्या कामासाठी भारतात आले आणि इथलेच झाले. त्याआधी चीनहून मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत ते मुंबईत थांबले होते, तेव्हा गांधीजींशी त्यांची भेट झाली. घराचं सामान ५ मैलांच्या परिसरातलं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी पुढे जन्मभर बांधकामात उतरवला.

पण बेकरांची खरी शाळा त्यांची स्वतःची घरं होती. पिथोरागडच्या डोंगरात ते १६ वर्षं राहिले. थंडी-पावसाला तोंड द्यायला तिथले लोक दगड, माती आणि लाकूड कसं वापरतात, हे त्या लोकांमध्ये राहूनच त्यांना उमगलं. पुढे तिरुवनंतपुरमला खडकाळ उतारावर त्यांनी आपलं घर बांधायला घेतलं, ते गरजेप्रमाणे वाढत गेलं. उतार सपाट केला नाही. मोडलेल्या घरांचं लाकूड, फुटकी कौलं, रिकाम्या बाटल्या असं सारं भिंतींत आलं. २००७मध्ये त्याच घरात त्यांचं निधन झालं.

त्यांच्या युक्त्या आज अनेक गवंड्यांना ठाऊक आहेत. ‘रॅट-ट्रॅप’ पद्धतीत विटा उभ्या कडेवर लावतात, मध्ये पोकळी राहते. विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि ती पोकळी उष्णता अडवते. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण पेलायला फारसं कामाचं नसतं, तो ताण सळया घेतात; मग तिथे मंगलोरी कौलं बसवली की काँक्रीट वाचतं, वजनही घटतं. खिडकीच्या चौकटीऐवजी विटांची जाळी केली, तर वारा आणि उजेड दोन्ही येतात.

जुनं ते सगळं चांगलं, असं मात्र बेकरांच्या नावावर खपवू नये. १९९३च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्यानेच असंख्य जीव घेतले. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं. परंपरेचीही परीक्षा घ्यावीच लागते, आणि ती नुसत्या कागदावर होत नाही.

आपल्याकडे सरकारी घरकुलाचा आराखडा तशा घरात एक रात्रही न काढलेला माणूस मंजूर करतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याखाली बाळंतीण कशी निजते, हे दरसूचीत कुठे लिहिलेलं असतं? म्हणून एक मागणी आहे. राज्यातल्या प्रत्येक वास्तुकला आणि स्थापत्य महाविद्यालयाने आवारात स्थानिक साहित्याचं एक राहतं घर उभारावं. विद्यार्थ्यांनी ते गवंड्यांच्या हाताखाली बांधावं, वर्षभर तिथे राहावं, आतलं तापमान आणि गळती रोज नोंदवावी. दुसऱ्या वर्षीच्या मुलांनी त्या नोंदी वाचून घर दुरुस्त करावं. आणि घरकुलांचे नमुने ठरवणाऱ्या अभियंत्यांनी वैशाखातला एक आठवडा तिथेच मुक्काम करावा.