हिशेब द्या, नाहीतर दाखले द्या!

सेनगाव तालुक्यातल्या साखरा आणि आसपासच्या गावांत माध्यमिक शाळा, कनिष्ठ महाविद्यालय, भरती अकॅडमी किंवा कसलाही ‘कोर्स’ चालवणाऱ्या प्रत्येकासाठी हा जाहीर इशारा आहे. येत्या 1 मेच्या आत एका प्रश्नाचं लेखी उत्तर द्या. गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडून बाहेर पडलेली लेकरं आज काय करतात? किती जणांनी पुढचं शिक्षण पुरं केलं, किती जण कामाला लागले, कुठल्या कामाला लागले आणि किती जण घरी बसून आहेत? निकालाची टक्केवारी सांगू नका. ती चौकातल्या फ्लेक्सवर दरवर्षी वाचतोच. निकालानंतर काय झालं, ते सांगा.

1 मे ही तारीख मुद्दाम धरली आहे. त्या दिवशी ग्रामसभा असते आणि 1999 साली त्याच दिवशी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पाव शतक उलटून गेलं. एवढ्या काळात जिल्ह्यात शिकलेल्या पोरांचं पुढे काय होतं, याची साधी नोंद कुणी ठेवलेली दिसत नाही. पाणंद रस्त्याची मोजणी होते, जनावरांची गणना होते. पदवी घेऊन पारावर बसलेल्या पोरांची होत नाही.

डी.एड.ची गोष्ट या भागात कुणाला नव्याने सांगायला नको. तरी सांगतो, कारण तीच पुन्हा घडते आहे. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली. बारावीनंतर दोन वर्षं डी.एड., मग तीन वर्षं मानधनावर आणि त्यानंतर कायम, हे गणित घराघरात पाठ झालं. पोरगी डी.एड. असली की स्थळं चालून येत. मागणी वाढली तशी खासगी अध्यापक विद्यालयांना मान्यता मिळत गेली. शिक्षक किती लागणार याचा अंदाज सरकारकडे होता, पटसंख्या सरकारकडे होती, निवृत्त होणाऱ्यांची यादीही सरकारकडेच होती. यातलं काहीच बापापुढे कुणी ठेवलं नाही. बापाने सोयाबीनच्या पैशातून फी भरली. 2010 ला भरतीची सीईटी झाली. 2012 ला राज्याने शिक्षकभरतीच थांबवली. 2013 पासून टीईटी या पात्रता परीक्षेची अट आली. पुढची राज्यव्यापी भरती पवित्र पोर्टलवरून व्हायला 2019 उजाडलं. मधल्या काळात डी.एड. झालेली पोरं खासगी शाळांत मिळेल त्या पैशावर राबली, पतसंस्थेची वसुली करत हिंडली, नाहीतर पुण्याला गोदामात पार्सलं उचलायला लागली. अध्यापक विद्यालयं एकामागून एक ओस पडली. फी मात्र कुणाला परत मिळाली नाही.

आणि 2024 मध्ये काय झालं ते पाहा. फेब्रुवारीत पवित्र पोर्टलवर 21,678 जागांची जाहिरात निघाली आणि आशा पुन्हा पालवली. त्यानंतर दीड महिनाही झाला नाही, तोवर 15 मार्चला संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकपदं ठरवण्याचा, नवा शासन निर्णय आला. त्याने कमी पटाच्या शाळांतल्या शिक्षकपदांवर टाच आणली. कमी पटाच्या शाळा कुठे असतात? वाडीवस्तीवर, तांड्यावर. म्हणजे आपल्याकडेच. उद्या कुणी पुन्हा ‘शिक्षकभरती निघाली’ म्हणून फी गोळा करायला दारात आला, तर आधी त्याला हा शासन निर्णय वाचायला द्या.

डी.एड.च्या जागी आता ‘भरती’ आली आहे. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला 1000 रुपये, राखीवला 900. या गुणाकारातून तिजोरीत किती गेलं, हे पाचवीतलं पोरही सांगेल. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांवर अर्ज पडले. एका जागेमागे शंभर जण. त्यात पदवीधर होते, इंजिनिअरही होते. पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या पोरांच्या जिद्दीबद्दल आमच्या मनात आदरच आहे. प्रश्न उरलेल्या नव्व्याण्णवांचा आहे. त्यांना दुसरी वाट कुणी दाखवली? खुल्या प्रवर्गाला 28 आणि राखीवला 33 ही वयाची अट ओलांडली की अकॅडमीवाला त्या पोराचा फोनही उचलत नाही. तोवर हातात ना कसब असतं, ना कामाचा अनुभव, ना लग्नाचं वय.

सरकारी नोकरीचा हा ध्यास मूर्खपणाचा आहे, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. याच सेनगाव तालुक्यात गोरेगावच्या शेतकऱ्यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये कर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्या, असं थेट मुख्यमंत्र्यांना लिहिलं होतं. पाऊस पडो न पडो, एक तारखेला येणारा पगार म्हणजे काय, हे कोरडवाहू शिवारातल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून पोरांना दोष देणं बंद करा. दोष द्यायचाच तर त्यांच्यापुढे एकच दार आहे असं भासवणाऱ्यांना द्या.

दुसरी दारं आहेत का? आहेत. पण ती आपोआप उघडणार नाहीत आणि त्यांच्या नावानेही थापा मारणारे निघाले आहेत. म्हणून खरं तेवढंच सांगतो.

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी मंजूर केले आणि 2030 पर्यंत ती पुरी करण्याचं लक्ष्य ठेवलं. अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या तिथे असतील. यातून गावोगावच्या पोरांना हजारो नोकऱ्या मिळतील असं सांगणारा धडधडीत खोटं बोलतो. पण असं यंत्र चालायचं तर वीज, शीतकरण, पंप, इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारे हात लागतात, आणि ते दिल्लीहूनच आले पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. आज सातवी-आठवीत असलेलं लेकरू प्रकल्प सुरू होण्याच्या सुमारास कामाच्या वयाचं होईल. किती शाळांच्या सहली आजवर दुधाळ्याकडे वळल्या?

हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यातल्या इतर नऊ नव्या महाविद्यालयांबरोबर त्याचं उद्घाटन झालं. आपल्याकडे चर्चा झाली ती फक्त डॉक्टर होण्याची. रुग्णालयात डॉक्टरांपेक्षा परिचारिका, लॅब टेक्निशियन, एक्स-रे टेक्निशियन, शस्त्रक्रियागृहातले सहायक जास्त लागतात. इथेच सावध राहा. या मागणीचा वास लागला की दोन खोल्यांत पॅरामेडिकलचा फलक लागायला वेळ लागत नाही. नर्सिंगच्या संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आणि पॅरामेडिकलच्या अभ्यासक्रमाला महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेची मान्यता आहे का, ते कागद पाहून ठरवा. कागद ‘प्रोसेसमध्ये’ असेल तर पैसेही खिशातच राहू द्या.

हळदीचं तर काय सांगावं! वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतला हळद संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. हिंगोलीच्या मार्केट यार्डात हंगामात वाहनांच्या रांगा लागतात. तरीही बहुतेक हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यातच जाते. कुरकुमीनची तपासणी, प्रतवारी, भुकटी, पॅकिंग, निर्यातीची कागदपत्रं, ही सगळी बसून मिळवायच्या पगाराची कामं आहेत आणि ती मालाबरोबर जिल्ह्याबाहेर जातात. राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी 2025 मध्ये सुरू झालं आणि त्याचं मुख्यालय निजामाबादला गेलं. तिथल्या शेतकऱ्यांनी त्यासाठी निवडणुका गाजवल्या होत्या. आपण काय केलं? सत्कार केले.

सौर कृषिपंप गावोगाव पोचले आहेत. कंट्रोलर बिघडला की कंपनीच्या माणसाची वाट बघत पीक वाळतं. तालुक्याच्या आयटीआयमधून वायरमन, इलेक्ट्रिशियन होऊन निघालेल्या पोराला हेच काम शिकवलं, तर त्याला गाव सोडावं लागणार नाही. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी टोयोटा-किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये 20 हजार कोटींचा सामंजस्य करार केला. करार म्हणजे कारखाना नव्हे, हे मान्य. पण कारखाना उभा राहील त्या दिवशी ते रोबोट हाताळणारी, बॅटरी समजणारी पोरं मागतील. तेव्हा आपण कुणाला पाठवणार? बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला गाइड पाठ करणाऱ्याला?

सरकारनेही या बाबतीत हात झटकू नयेत. 2016 ला दहावीसाठी कलचाचणी आणली, गाजावाजा केला आणि काही वर्षांत गुंडाळली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं होतं की 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळेल आणि सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्यात जातील. 2025 गेलं. आपल्या शाळेत ते दहा दिवस झाले का, हे पालकांनी मुख्याध्यापकांना विचारावं. जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा. मुदत सहा महिने, ती पुढे पाच महिन्यांनी वाढवली. मुदत संपली आणि कायम करा म्हणून तीच पोरं आंदोलनाला बसली. फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार झाला. त्या देशात सोळा-सतरा वर्षांचं पोर आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस वर्गात असतं, त्याला विद्यावेतनही मिळतं. ती पद्धत इकडे आणायची सोडून आपण पोरंच तिकडे पाठवायला निघालो.

आता इशाऱ्याचं दुसरं अंग. 1 मेपर्यंत उत्तर आलं नाही, तर काय होईल?

अनुदानित शाळा-महाविद्यालयांवर 2005 च्या कायद्याखाली माहिती अधिकाराचे अर्ज पडतील. हजेरीपट, तुकड्या, अनुदान, सगळं मागितलं जाईल. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. ‘अशी माहिती ठेवलेली नाही’ असं उत्तर आलं तरी चालेल. तेच ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवू. हजेरीपटावर नाव इथे आणि पोरगं लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये, हा खेळ चालवणाऱ्यांनी तर जास्तच तयारीत राहावं. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत आणि पहिल्याच वर्षी कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांत एकही पोर फिरकलं नाही. पसंतीक्रम भरणारं बोट आमचं आहे. जी संस्था हिशेब देणार नाही, तिचं नाव त्या यादीत येणार नाही आणि आधीच तिथे असलेल्या लेकरांचे दाखले आम्ही जूनमध्ये मागू.

खासगी अकॅडम्यांनी आपण सुटलो असं समजू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये क्लासच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. नोकरीची हमी देणं त्यात बसत नाही. निवड झालेल्या पोराचा फोटो फ्लेक्सवर लावायचा तर निवडीनंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते. तेव्हा ‘हमखास’ हा शब्द आपापल्या फलकावरून आजच खोडा. फीची पावती न देणाऱ्याकडे यापुढे या गावातून कुणी जाणार नाही, आणि ज्यांच्याकडे पावत्या आहेत ते ग्राहक आयोगाची पायरी चढतील. नोकरी लावून देतो म्हणून शेत गहाण टाकायला लावणाऱ्या दलालांसाठी वेगळा इशारा नाही. त्यांना थेट पोलीस ठाणं.

लोकप्रतिनिधींना एकच सांगणं आहे. रोजगार मेळाव्याच्या बॅनरवर तुमच्या फोटोखाली मागच्या मेळाव्यातून किती जण कामावर टिकले, तो आकडा छापा. आकडा नसेल तर मंडप घालू नका.

आणि पालकहो, तुम्हालाही सोडणार नाही. शेजाऱ्याचं पोरगं जिथे गेलं तिथे आपलंही ढकलायचं, ही सवय मोडा. पोरगी बारावीला चांगले गुण घेऊनही ‘लांब नको’ म्हणून जवळच्या बी.ए.ला बसवायची आणि दोन वर्षांत लग्न उरकायचं, हेही या हिशेबात धरलं जाईल. आयटीआयला पाठवण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी एक करावं: मोटार जळाल्यावर फिटरला किती पैसे मोजले, ते आठवावं. दहावीच्या लेकराला घेऊन एक दिवस आयटीआय पाहून या, एक दिवस हळद केंद्र पाहून या, मग काय ते ठरवा. भरतीची तयारी करणाऱ्याने ती जरूर करावी, पण सोबत एक कसब हाताशी ठेवावं आणि किती प्रयत्न करायचे ते आजच घरात बसून ठरवावं.

1 मेच्या ग्रामसभेला बायका-पोरांसह या. आपापल्या घरातली दहावीच्या पुढची सगळी लेकरं, ती काय शिकली, त्यावर किती पैसे गेले आणि आज ती काय करतात, हे एका कागदावर लिहून आणा. संस्थांनी हिशेब दिला नाही, तर गावाचा हिशेब आपणच मांडू आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची नावं ठरावात घालून तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवू.