खरेदीखत खरे, मालकी कुणाची?

अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या वसाहतींचा विषय निघाला की एक पूर्वपक्ष हमखास मांडला जातो. जमीन कुणी बळकावली नाही, लोकांनी ती रीतसर विकत घेतली. खात्री करायची तर काऊंटीच्या कचेरीतल्या खरेदीखतांच्या वह्या उघडा. विकणारा, घेणारा, मोबदला, चतुःसीमा, साक्षीदार, सगळे तिथे सापडेल.

सापडते, हे कबूल. पण कचेरीतला कारकून करत काय होता? पुढ्यात आलेल्या दस्ताची वहीत नक्कल उतरवत होता. अमक्याने तमक्याला जमीन दिली, एवढेच ती वही सांगते. देणाऱ्याची ती होती का, याची हमी तिने कधीच घेतलेली नाही. दुय्यम निबंधकाच्या दारात ताटकळलेल्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको.

केंटकीचेच घ्या. हा मुलूख १७९२ पर्यंत व्हर्जिनियात होता. व्हर्जिनियाच्या १७७९च्या कायद्यानुसार खजिन्यातून परवाना विकत घ्यायचा, जागा आपली आपण हुडकायची, मग नोंद, मोजणी आणि शेवटी पट्टा. सरकारने आधी मोजून ठेवलेले काहीच नव्हते. सीमा लिहायची ती पांढऱ्या ओकपासून ओढ्याकाठच्या मेपलपर्यंत इतके पोल, अशी. पोल म्हणजे साडेसोळा फूट. झाड उन्मळले की सीमाही गेली! एकाच जमिनीवर दोन-दोन, तीन-तीन पट्टे चढले. ज्याने या मुलखात वाट पाडली आणि दुसऱ्यांच्या जमिनीही मोजून दिल्या, त्या डॅनियल बूनचे स्वतःचे दावे एकामागून एक बुडाले. १७९९ मध्ये तो स्पेनच्या अमलाखालच्या मिसूरीत निघून गेला. १८१६ मध्ये थॉमस लिंकनने केंटकी सोडून इंडियाना गाठले. त्याचा मुलगा अब्राहम याने पुढे लिहून ठेवले की, गुलामगिरी हे त्याचे एक कारण होते, पण मुख्य कारण जमिनीच्या हक्कांची भानगड. कागद होते, मालकी टिकली नाही.

आणि ही तर गोऱ्यांची आपसांतली भांडणे. साखळीची पहिली कडी पाहिली तर पूर्वपक्ष आणखीच अडचणीत येतो. १७६८च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात ओहायो नदीच्या दक्षिणेचा हा मुलूख इंग्रजांना सोडून दिला तो इरोक्वा या मूळ रहिवाशांनी. तिथे शिकार करत होते दुसरेच मूळ रहिवासी, शॉनी, आणि त्यांना तो तह मान्य नव्हता. १७७५ मध्ये सिकामोर शोल्सला रिचर्ड हेंडरसनने चेरोकी प्रमुखांकडून प्रचंड प्रदेश ‘विकत’ घेतला. व्हर्जिनियाने १७७८ मध्ये ती खरेदी रद्द ठरवली, हेंडरसनच्या कंपनीला २ लाख एकर देऊन वाटेला लावले, आणि चेरोकींचा हक्क मात्र संपला असेच धरले. म्हणजे व्यवहार घेणाऱ्यापुरता खोटा, देणाऱ्यापुरता खरा. पुढे १८२३ मध्ये जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकले की मूळ रहिवाशांचा हक्क वहिवाटीपुरता, आणि तोही विकायचा तो फक्त सरकारला.

यावर दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, मग या वह्या चोरांचे जमाखर्च; त्यांत काय वाचायचे? हेही मला पटत नाही. मालकीचा पुरावा म्हणून वही लंगडी आहे. माणसांच्या व्यवहाराचा पुरावा म्हणून तिच्या तोडीचे फार थोडे उरले आहे. नवऱ्याने जमीन विकली की बायकोला बाजूला नेऊन, त्याच्या गैरहजेरीत, तिची संमती विचारली जाई, कारण विधवा झाल्यावर तहहयात एक तृतीयांशावर तिचा हक्क असे. पुष्कळदा तो नुसता उपचारच असणार. तरीही एरवी कुठल्या कागदावर न येणारी ती बाई तिथे नावानिशी उभी राहते. बापाने लेकाला ‘प्रेमापोटी आणि एका डॉलरला’ दिलेली शेते तिथे आहेत, सावकाराकडे गहाण टाकलेली आहेत.

दक्षिणेकडच्या काऊंट्यांत त्याच वह्यांत माणसांची विक्री, गहाणखते आणि क्वचित मुक्तिपत्रेही उतरवली आहेत. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत बहुतेक गुलामांना नावच दिलेले नाही, वय, लिंग आणि वर्ण एवढेच; म्हणून त्यांचे वंशज आज पूर्वजांची नावे या खरेदीखतांत शोधतात. ‘सगळे रीतसर होते’ म्हणणाऱ्यांनी तीही पाने आपल्या पुराव्यात जोडावीत. साक्षीदार, मोबदला, तारीख, तिथेही काहीच कमी नाही.