इंग्रजी चालते, पण कुठवर?

१ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशियाने युरो हे चलन स्वीकारले आणि त्याच दिवशी तो देश शेंगेन क्षेत्रातही दाखल झाला. त्यामुळे इटली किंवा ऑस्ट्रिया पाहून त्याच व्हिसावर पुढे झाग्रेब, स्प्लिट आणि दुब्रोव्हनिकपर्यंत जाणे सोपे झाले आहे. प्रवासाचा बेत आखताना घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो : तिथे इंग्रजीवर निभावते का?

निभावते. तेथील शाळांत २००३ पासून पहिल्या इयत्तेतच एक परकीय भाषा सक्तीची आहे आणि ती बहुतेक ठिकाणी इंग्रजीच असते. परदेशी चित्रपट व मालिकाही मूळ आवाजात, खाली क्रोएशियन मजकूर देऊन दाखवण्याची रीत असल्याने मुलांचा कान घरबसल्या तयार होतो. हॉटेल, विमानतळ, संग्रहालय येथे तरुण माणसांशी बोलताना काही अडत नाही. वयस्कर मंडळींचे मात्र निराळे आहे. त्या पिढीतील अनेकजण कामधंद्यासाठी जर्मनीत राहून आले, म्हणून त्यांना इंग्रजीपेक्षा जर्मन जवळची. इस्त्रियाच्या किनाऱ्यावर इटालियन अधिक चालते. भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या अनेकदा तीन-चार भाषांत रंगवलेल्या दिसतात, त्या याचमुळे.

एवढ्यावर निश्चिंत होणे मात्र बरे नव्हे. तेथे आपण आणि समोरची व्यक्ती दोघेही उसन्या भाषेत व्यवहार करत असतो. शब्द दोघांना कळतो. पण त्याचा अर्थ प्रत्येकजण आपापल्या खात्यातून काढतो.

आहाराचेच पाहा. मांसाला क्रोएशियन शब्द आहे ‘मेसो’; तो आपल्या ‘मांस’ या शब्दाचा सख्खा भाऊबंद. पण मासा म्हणजे ‘रिबा’, आणि तेथील समजुतीप्रमाणे तो मांसात मोडत नाही. देश बहुसंख्य कॅथलिक. उपवासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा चालतो. तेव्हा आपण इंग्रजीत ‘मांस नको’ म्हटले आणि सँडविचमध्ये ट्यूना निघाला, तर वाढणाऱ्याने आपल्याला फसवले असे नाही. त्याने आपल्या परीने अचूकच ऐकलेले असते. ‘ब्लित्वा’ ही दाल्मेशियातील पालेभाजी बिनमांसाची म्हणून आनंदाने सुचवली जाते. परंतु ती बटाटा आणि लसूण घालूनच करतात. कंदमूळ वर्ज्य म्हणजे नेमके काय काय वर्ज्य, हे तेथील आचाऱ्याला एका इंग्रजी शब्दाने कळणार नाही.

उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी एक चिठ्ठी क्रोएशियन भाषेत लिहून घ्यावी. ‘बेझ’ म्हणजे वाचून, शिवाय. बेझ मेसा, बेझ रिबे, बेझ याया : मांस, मासा, अंडी नकोत. पुढे कांदा (लुक), लसूण (चेश्न्याक), बटाटा (क्रुंपिर), गाजर असे एकेक नाव वेगळे लिहावे. किनाऱ्यावर कांद्याला ‘कपुला’ म्हणतात आणि ‘लुक’ म्हटले तर लसूण समजतात, म्हणून तेथे कांद्याची दोन्ही नावे हवीत. सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेले नाही ना, हेही चिठ्ठीतच विचारून ठेवावे. औषधाची ॲलर्जी असलेल्यांनी तीही अशीच लिहून जवळ बाळगावी.

दुसरी जागा आकड्यांची, आणि ती व्यापारी कुटुंबांना अधिक महत्त्वाची. तेथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब देतात. १,५० युरो म्हणजे दीड युरो, १.२५० युरो म्हणजे साडेबाराशे. मालाच्या कागदावर १२,५०० किलो दिसले तर ते साडेबारा किलो असू शकतात. महिन्यांची नावेही इंग्रजीशी जुळत नाहीत : ऑक्टोबर म्हणजे ‘लिस्तोपाद’, पानगळीचा महिना. एटीएमवर इंग्रजी असते. पण रक्कम रुपयांत वळवून हवी का असे यंत्राने विचारले, तर नकार देऊन युरोच निवडावेत, नाहीतर यंत्रवाल्याचा महागडा दर पदरी पडतो.

आपल्यासारख्यांना क्रोएशियनचे चार शब्द बोलणे मात्र वाटते तितके कठीण नाही. लिपी रोमन असली तरी ल्युदेवित गाय यांनी १८३० मध्ये मांडलेल्या सुधारणेपासून ती उच्चारानुसारी होत गेली. त्यांचे ‘सी’ हे अक्षर म्हणजे ‘चमचा’मधला आपला च; इंग्रजाला तो साधत नाही, मराठी माणसाला तो जन्मजात येतो. द्वा, त्री, देसेत हे आकडे तर संस्कृतची आठवण करून देतात. चौकाला ‘तृग’ म्हणतात आणि व्यापाऱ्याला ‘तृगोवात्स’; बाजार आणि चौक पूर्वी एकच होते, हे त्या शब्दातच नोंदलेले आहे. पहिल्या भेटीत ‘दोबार दान’ आणि निघताना ‘ह्वाला’ म्हणजे धन्यवाद, एवढे आपल्या तोंडून ऐकले तरी समोरची व्यक्ती आपले इंग्रजी अधिक धीराने ऐकते.

उसन्या भाषेत व्यवहार करणे त्या भूमीला नवे नाही. दुब्रोव्हनिकचे व्यापारी बेनेदिक्त कोत्रुल्येविच यांनी १४५८ मध्ये व्यापारावर ग्रंथ लिहिला आणि त्यात दुहेरी नोंद पद्धतीचे विवेचन केले, लुका पाचोली यांच्या १४९४ च्या प्रसिद्ध ग्रंथाच्याही आधी. तो लिहिला इटालियनमध्ये, कारण त्या काळच्या पेठेची भाषा ती होती. त्याच शहराच्या चौकात १४१८ मध्ये ओर्लांदोचा दगडी पुतळा उभारला गेला. त्याच्या कोपरापासूनच्या हाताची लांबी, सुमारे ५१ सेंटिमीटर, हे तेथील कापडाचे अधिकृत माप होते. गिऱ्हाईक कोणत्याही मुलखाचे असो, वाद झाला की माप चौकात सर्वांसमोर. आपल्या खिशातील ती चिठ्ठीही तेच काम करते. बोलणे इंग्रजीत खुशाल करावे. जेथे व्रत, प्रकृती किंवा पैसा यांचा प्रश्न आहे, तेथे मात्र माप समोरच्याच्या भाषेत लिहून दाखवावे.