एका फोनची किंमत

नवऱ्याला वाचवायला गेल्या आणि स्वतः बुडाल्या... एलिझाबेथ कोप यांचा विषय निघाला की लोक एवढ्यावर मोकळे होतात. मला ते पटत नाही.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला बर्फ, चॉकलेट, घड्याळं आठवतात. तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क १९७१ साली मिळाला, हे आठवत नाही. (हो, १९७१! तेव्हा आपल्याकडे इंदिराबाई पंतप्रधान होत्या.) अशा देशात २ ऑक्टोबर १९८४ ला कोपबाई सात जणांच्या मंत्रिमंडळात निवडून आल्या. पहिल्याच स्त्री. खातं न्याय आणि पोलीस.

२७ ऑक्टोबर १९८८ ला त्यांच्याच खात्यातून कानावर आलं की नवरा ज्या कंपनीच्या संचालक मंडळावर आहे, तिचं नाव काळ्या पैशाच्या भानगडीत येतंय. त्यांनी नवऱ्याला फोन केला, बाहेर पड म्हणून. तो त्याच दिवशी पडला. पुढे कित्येक आठवडे बाई गप्प! डिसेंबरात बिंग फुटलं, जानेवारी १९८९ मध्ये खुर्ची गेली.

गेली ते योग्यच झालं. फोन एकवेळ समजू शकतो, लपवाछपवी नाही. न्यायमंत्र्याची तर नाहीच नाही.

पण मग पुढचंही बघा ना. फेब्रुवारी १९९० मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. आणि त्यांच्या खात्याची झडती घ्यायला नेमलेल्या संसदीय समितीला नोव्हेंबर १९८९ मध्ये सापडलं काय? पोलिसांनी गुपचूप ठेवलेल्या सुमारे नऊ लाख नोंदी! देशाची लोकसंख्या पासष्ट लाखांच्या आसपास. हा उद्योग कोपबाईंच्या आधीपासून, पुरुष मंत्र्यांच्या कारकिर्दीत, वर्षानुवर्षं चाललेला. त्यासाठी एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही. बाईंच्या चार वर्षांतही तो चालूच होता, पण तो हिशेब त्यांच्याकडेही कुणी मागितला नाही. मागितला तो फोनचा. नवरा-बायकोची गोष्ट चघळायला सोपी, दुसरं काय!

बाईंना पुन्हा कुठलं पद मिळालं नाही. त्या सात खुर्च्यांवर पुढची बाई १९९३ साली बसली, रूथ ड्रायफुस. कोपबाई एप्रिल २०२३ मध्ये गेल्या, ८६ व्या वर्षी. त्यांच्या आधीच्या न्यायमंत्र्यांपैकी एकाचं तरी नाव सांगता येईल तुम्हाला?