हप्ता दोघांचा, घर कुणाचं?



काही दिवसांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रावर एक बाई आल्या. नवऱ्याने नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. पहिली रक्कम भरायला बाईंनी मंगळसूत्र सोडून सगळं सोनं मोडलं. इमारतीचा सांगाडा उभा राहिला आणि काम थांबलं. पैसे मात्र जवळजवळ सगळे दिलेले. एकीकडे घरभाडं, दुसरीकडे बँकेचं व्याज. आम्ही करारनामा उघडला. खरेदीदार म्हणून एकट्या नवऱ्याचं नाव! बाईंची सही होती ती कर्जाच्या अर्जावर, सहकर्जदार म्हणून. म्हणजे घर त्याचं आणि कर्ज दोघांचं.

स्त्रीला हक्काचं घर हवं, असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण त्या घराचे पैसे कधी, कसे आणि कुणाच्या नावावर जातात, हा मात्र पुरुषांनी बघायचा व्यवहार, असं आपल्यापैकीही अनेकजणी मानतात. इथेच आपण फसतो.

हप्त्यांचं वेळापत्रक म्हणजे जोखमीची वाटणी. काम होण्याआधी पैसा गेला की जोखीम आपली. काम झाल्यावर पैसा गेला तर ती बिल्डरची. हे सूत्र कायद्यानेही मानलं आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नव्हती. २०१६ च्या रेरा कायद्याने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली. शिवाय ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे, असं बंधन घातलं.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांबरोबर एक नमुना करार आहे. ४० लाखांच्या घराचा हिशेब त्यावरून मांडून पाहू. करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १२ लाख. जोतं पूर्ण झाल्यावर ४५ टक्के, १८ लाख. सगळे स्लॅब पडल्यावर ७० टक्के, २८ लाख. भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५ टक्के. पुढे नळजोडण्या, जिना, बाहेरचा गिलावा, लिफ्ट, वीज असं करत ९५ टक्के. शेवटचे ५ टक्के, २ लाख, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ताबा घेताना. लक्षात घ्या, या वरच्या मर्यादा आहेत. यापेक्षा कमी देण्याची बोलणी करता येतात. आणि शेवटची रक्कम हातची सोडू नये. ताबा आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत आपला जोर तेवढाच असतो.

‘आत्ताच सगळे भरा, भाव कमी करतो’ असं कुणी म्हणालं तर तो स्वस्ताईचा सौदा नव्हे, ते आपण बिल्डरला दिलेलं कर्ज आहे. रोख, बिनपावतीचा पैसा तर देऊच नये. काम अडलं की त्याचा पुरावा काय देणार?

ठरल्या तारखेला ताबा न मिळाल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा घर ठेवून दर महिन्याचं व्याज मागता येतं. पण आदेश हातात पडणं आणि पैसे हातात पडणं यांत बरंच अंतर असतं. वसुली जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होते, तोवर भाडं आणि व्याज थांबत नाही. म्हणून सही करण्याआधीच विचारा: ताबा वर्षभर लांबला तर भाडं आणि व्याज दोन्ही आपल्या पगारातून निघेल का?

लहान गावात ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा ८ घरांपर्यंतचे प्रकल्प रेरा नोंदणीतून वगळलेले असतात. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतानाही तेच. तिथे कामाचे टप्पे आणि त्यांचे हप्ते आपणच स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यावेत. काम डोळ्यांनी पाहावं, मगच पुढचा पैसा सोडावा.

राहिला नावाचा प्रश्न. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ४० लाखांवर ते ४० हजार होतात. ती वाचवण्यासाठी काही घरांत बाईचं नाव लागतंही. पण नाव लागलं तरी कागद कुणाच्या कपाटात, हप्ता कुणाच्या खात्यातून, हे विचारायला हवंच. निदान एवढं तरी पक्कं ठरवू या: करारनाम्यात खरेदीदार म्हणून नाव नसेल, तर कर्जाच्या कागदावर सही नाही. आणि सोनं मोडलं तर ती रक्कम आपल्या खात्यातून चेकनेच जाईल.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घराचा करारनामा आणायला काय हरकत आहे? एकमेकींना वाचून दाखवू. कितीजणींची नावं त्यात आहेत, तेही मोजू. ज्या बाईंची गोष्ट वर सांगितली, त्या बैठकीला येणार आहेत. त्यांना आम्ही विचारलं, सही करताना कागद वाचला नाहीत का? त्या म्हणाल्या, “सही कुठे करायची तेवढंच बोट ठेवून दाखवलं होतं.”

ते बोट बाजूला सारून कागद आपल्याकडे ओढून घ्यायला शिकू या.